गारगोट्यांची हौस, पण ओल्यानंच

आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक आणि जास्पर तयार होतात. कातळ झिजला की ते नदीपात्रात, नांगरलेल्या रानात सापडतात. आम्ही गटातल्या बायका ते हौसेनं चकाकवतो.

मोटरवर फिरणारं रबरी पिंप दोन तृतीयांश खड्यांनी भरायचं. त्यात पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड घालून आठवडाभर रात्रंदिवस फिरवायचं. मग बारीक, त्याहून बारीक आणि शेवटी पॉलिशची पूड. दर वेळी खडे आणि पिंप स्वच्छ धुवायचं. भरड पुडीचा कण राहिला तरी ओरखडे पडतात. सगळ्याला महिना लागतो.

एक गोष्ट गाठीला बांधा. हा दगड म्हणजे सिलिका. कोरडा घासला की बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांनी हे भोगलंय. तोंडावरचा पदर ही धूळ अडवत नाही. म्हणून दगड ओला ठेवूनच घासा. उरलेला गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. तो बादलीत खाली बसू द्या आणि ओला असतानाच खड्ड्यात पुरा.

हौस जरूर करा, पण ओल्यानंच.