उघडे दार

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता आरे-वारेवरून जातो. पुळे ओलांडून तसेच पुढे गेले की मालगुंड लागते. मालगुंड म्हणजे केशवसुतांचे गाव. तिथे त्यांचे स्मारक आहे, शाळांच्या सहली येतात, मास्तर मुलांना केशवसुतांची माहिती सांगतात. ह्या केशवसुतांचा एका समकालीन कवीशी स्नेह होता, आणि तो कवीही आपल्याच जिल्ह्यातला, करजगावचा. त्याचे नाव नारायण वामन टिळक. जन्म १८६१ सालचा. लोकमान्य टिळकांचे आडनाव तेच, जिल्हा तोच, जातही तीच. पण १० फेब्रुवारी १८९५ ह्या दिवशी नारायणरावांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. पुढे रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले.

आता आरे-वारेतला एखादा श्रोता म्हणेल, "अहो, आमच्या वाडीत ख्रिस्ती घर नाही. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा कशी जगावी, ह्याची पंचाईत आम्हाला कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण थोडा विचार केला तर असे दिसेल की, हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. जी गोष्ट मला मनापासून खरी वाटते, ती माझ्या शेजाऱ्याला तशी वाटत नाही. मग मी कसे वागावे? वारकऱ्यापुढे हा प्रश्न आहे, नमाज पढणाऱ्या खलाशापुढे आहे, देव न मानणाऱ्या शिक्षकापुढेही आहे. ख्रिस्ती समाज आपल्याकडे संख्येने लहान, म्हणून त्याला हा प्रश्न रोज सोडवावा लागतो, इतकेच.

ह्यावर दोन सोपे उपाय लोक नेहमी करतात. एक, आपली श्रद्धा घरात झाकून ठेवायची आणि चारचौघांत तिचा उच्चारच करायचा नाही. दुसरा, ती दुसऱ्याच्या गळी उतरवायची. पहिल्यात भित्रेपणा आहे, दुसऱ्यात अहंकार आहे. तिसरी वाट अवघड आहे. ती कशी चालावी हे पुस्तकी व्याख्येपेक्षा माणसांच्या वागण्यातून चांगले कळते.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे टिळकांपासून दूर राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. त्या काळी नवऱ्याचा शब्द हाच घरचा कायदा. टिळकांनी हुकूम सोडला असता तर बाईंना तो मोडणे जड गेले असते. पण त्यांनी हुकूम सोडला नाही. बाईंचे सोवळे-ओवळे त्यांना सांभाळू दिले, त्यांच्या स्वयंपाकपाण्याची वेगळी सोय केली. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. पुढे बाईंनीच विचार केला, आधी जातिभेद मनातून काढला, आणि मग १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ही सगळी हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झाले. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर त्यांनी त्यात मनमुराद हसून घेतले आहे, हेही सांगितले पाहिजे. टिळक शीघ्रकोपी होते, व्यवहारात भोळे होते. म्हणजे इथे आपण कुणा संताची पोथी वाचीत नाही. आपल्यासारख्याच माणसांचा संसार पाहतो आहोत.

ह्याच घरात, अहमदनगरला, त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण येऊन राहिला. तेच आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. घर ख्रिस्ती, घरात प्रार्थना चालायची, भजने व्हायची. ठोमरे मात्र हिंदूच राहिले, आणि त्यामुळे त्या घरचे त्यांच्यावरचे प्रेम कमी झाले नाही. मला वाटते, टिळकांच्या श्रद्धेची खरी परीक्षा व्याख्यानाच्या व्यासपीठावर झाली नाही. ती ह्या दोन ठिकाणी झाली. पत्नी त्यांच्यावर अवलंबून होती, आश्रयाला आलेला तरुणही अवलंबून होता. ज्याच्यावर आपला अधिकार चालतो, त्याच्याशी आपण कसे वागतो, ह्यावरून श्रद्धेतली नम्रता ओळखावी.

नम्र म्हणजे मिळमिळीत नव्हे बरे का! टिळकांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. तिच्यापायी आप्त दुरावले, ते त्यांनी सोसले. पण त्यांनी मराठीपण सोडले नाही. अभंग आणि ओवी ह्या आपल्याच छंदांत त्यांनी ख्रिस्ताची गाणी रचली. ती आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये म्हटली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांच्या कविता शाळाशाळांतून शिकवल्या गेल्या.

आता ह्याहून कठीण उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. मायदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढले. ते पुढे पुण्यास नेले. तिथे बालविधवांना शिक्षण मिळे. पैसा अमेरिकेतून येई, पण सदनात धर्म शिकवायचा नाही, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी मोठी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीला जवळ घेऊन प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. झाले! पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

श्रोतेहो, ह्यात चूक कोणाची? रमाबाई म्हणणार, "माझ्या देवाची प्रार्थना मी चोरून का करू? दार मी कोणासाठी लावून घेऊ?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पालक म्हणणार, "मुली लहान, निराधार, अन्नवस्त्राला तुमच्यावर अवलंबून. ज्या बाईने त्यांना नवा जन्म दिला, तिच्या उघड्या दारातून त्या आत जाणारच." हेही खोटे नाही. प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंचा होता. पण विश्वासाने सोपवलेल्या मुलींच्या बाबतीत पालकांना विचारात घेणे हेही कर्तव्यच होते. पुढे केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले, ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. तिथे करार एक आणि वर्तन दुसरे, असे म्हणायला जागा उरली नाही.

ज्या प्रश्नावरून १८९३ साली पुणे ढवळून निघाले, त्याचे उत्तर २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने दिले आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ही कलमे जरूर वाचावीत. पंचविसावे कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य ह्यांना बाध येता कामा नये. अठ्ठाविसावे कलम शाळांविषयी आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती कोणावर करायची नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. म्हणजे रमाबाईंचा हक्कही मान्य झाला आणि पालकांची काळजीही.

आपल्या राज्याला पुष्कळजण 'निधर्मी' म्हणतात. त्या शब्दाने घोटाळा होतो. राज्याला स्वतःचा धर्म नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणसांनी धर्म सोडावा असा त्याचा अर्थ नाही. राज्य कोणाच्याच बाजूने उभे नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्या श्रद्धेचे मोल आपल्या वागणुकीने पटवावे लागते. श्रद्धावंताला ह्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. सरकारी शिक्क्यावर उभी राहिलेली श्रद्धा ती कसली?

अगदी अलीकडचे उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे. धर्मगुरू म्हणून त्यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षे चालवले. पण वसईची हिरवी जमीन आणि पाणी वाचवण्याची वेळ आली तेव्हा ते हरित वसईच्या चळवळीत सगळ्या धर्मांच्या शेतकऱ्यांबरोबर उतरले. विहिरीचे पाणी आटू लागले म्हणजे ते हिंदूंचे आधी आणि ख्रिस्त्यांचे नंतर असे आटत नाही. बायबल साध्या मराठीत आणणाऱ्या त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाद्री कशाला अध्यक्ष हवा, असा विरोधही काहींनी केला. त्यांनी त्या विरोधाला राग धरून उत्तर दिले नाही, की आपले पाद्रीपणही लपवले नाही. मराठीचा लेखक म्हणून ते गेले आणि मराठी माणसांशी बोलले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले.

येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली आहे. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगायला नको. मीठ कालवणात पडले म्हणजे कालवण चवीला येते. सगळ्या कालवणाचे मीठ करायचे नसते. पण मीठ अळणी असेल तर ते घालून काय उपयोग? खंबीरपणा आणि नम्रता ह्या दोन्ही गोष्टी त्या उपमेत आहेत.

तेव्हा ज्या शिक्षकांच्या वर्गात निरनिराळ्या घरची मुले बसतात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: तुमची श्रद्धा असेल ती असो, ती मुलांपासून लपवू नका, कोणी विचारले तर सरळ सांगा. पण तुमच्या हातात छडी आहे, गुणपत्रक आहे, आणि मुलाचे तुमच्यावर प्रेमही आहे, हे विसरू नका. त्यातल्या कशाचाही उपयोग श्रद्धा लादण्यासाठी होऊ देऊ नका. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनाही तेच. सून दुसऱ्या रीतीची आली, मुलाचे विचार वेगळे झाले, तर टिळकांच्या घरातला तो वेगळा स्वयंपाक आठवा. लक्ष्मीबाईंना विचार करायला वेळ मिळाला, म्हणून त्यांचा निर्णय त्यांचा स्वतःचा झाला.