हाताखालचा पृष्ठभाग



चित्रकला शिकणारी मुलं हल्ली टॅब्लेट घेतात आणि पाठोपाठ विचारतात, "यावर कागदासारखा स्क्रीन गार्ड लावू का?" बाजारात असे मॅट, किंचित खरखरीत स्क्रीन गार्ड मिळतात. दिसायला ती एक पातळ प्लास्टिकची फिल्म असते, पण पेन टेकवलं की गुळगुळीत काचेऐवजी कागदासारखं काहीतरी टोकाला लागतं. प्रश्न खरेदीचा वाटतो. मला मात्र तो चित्रकलेच्या शिक्षणाचा वाटतो, म्हणून आजची ही दहा मिनिटं त्याच्यासाठी. चित्रकाराचं निम्मं साधन त्याच्या हातात असतं आणि निम्मं हाताखाली. हातातल्या पेनाची निवड आपण जितक्या काळजीनं करतो, तितकीच काळजी हाताखालच्या पृष्ठभागाची घ्यायला हवी, एवढंच मला सांगायचं आहे.

इंदुरात बसून हे बोलताना दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होळकर संस्थानाच्या काळात, 1927 साली, त्यांच्या पुढाकारानं इथे चित्रकलेचं शिक्षण देणारी शाळा उभी राहिली. याच इंदुरात 1910 मध्ये जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्या शाळेत शिकले. मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर यांचीही पहिली घडण इथलीच. चिंचाळकर गुरुजी तर वाळलेली पानं, झाडांची मुळं, फेकून दिलेल्या वस्तू यांतून चित्रं शोधत. वस्तूवर आपला आकार लादायचा नाही, तिचा पोत आणि तिची वळणं आधी पाहायची, ही दृष्टी त्यांच्या कामात जागोजागी दिसते. टॅब्लेटच्या काचेकडेही त्याच दृष्टीनं पाहू या.

कागद चित्रकारासाठी नेमकं काय करतो? पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण. फ्रान्समध्ये निकोला-जॅक काँते यांनी ही रीत 1795 मध्ये बसवली. हे शिसं कागदावरून ओढलं की कागदाचे तंतू त्याचे कण खरवडून धरून ठेवतात. हाताला जाणवणारा अडसर आणि डोळ्यांना दिसणारी रेघ या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. जलरंगाचंही तसंच. खरखरीत कागदावरून कोरडा ब्रश झरकन नेला, की उंचवट्यांवर रंग लागतो आणि खळग्यांत पांढरं उरतं. पाण्यावरची चमक अशी कागदच काढून देतो.

पण खरखरीत म्हणजे चांगला आणि गुळगुळीत म्हणजे वाईट, असं मुळीच नाही. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद होत आला. हाती लिहिलेल्या पोथ्यांच्या काळात अशा कागदाला खळ लावत, तो वाळवत आणि मग गुळगुळीत दगडानं घोटत. एवढी मेहनत कशासाठी? बोरू कागदावर अडू नये, शाई तंतूंमध्ये फुटू नये, अक्षराची कड स्वच्छ यावी म्हणून. बोरूला घोटीव कागद हवा, कोळशाला खरखरीत हवा. जपानमधली एलेकॉम कंपनी आज टॅब्लेटसाठी कागदी पोताच्या फिल्म बनवते, त्यांतला एक प्रकार 'केंट' कागदाचा आहे. केंट म्हणजे तिथल्या रेखाटनकारांचा आवडता, तुलनेनं गुळगुळीत कागद. साधन बदललं तरी कामाप्रमाणे पृष्ठभाग बदलायचा, हे कारागिरांचं शहाणपण नव्या वस्तूतही टिकून आहे.

आता टॅब्लेटच्या काचेकडे येऊ. काचेवर पेनाचं टोक जवळजवळ अडतच नाही. रेघ सुरू करणं सोपं जातं, हवी तिथे थांबवणं अवघड. थांबवण्याचं सगळं काम बोटांच्या आणि मनगटाच्या स्नायूंवर पडतं. देवनागरीत याचा अनुभव फार लवकर येतो. शिरोरेघ सावकाश ओढून पाहा. काचेवर ती थरथरते आणि शेवटी हव्या त्या जागेच्या थोडी पुढे जाते. वेलांटीचं वळण घेताना टोक बाहेर सरकतं. मॅट फिल्म लावली की घर्षण थोडा भार उचलतं, टोकाची बारीक थरथर बोटांना कळते आणि हाताला स्वतःचा वेग समजतो.

चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ स्थिर करणारी सोय असते, ती वापरली तर फिल्म कशाला, असं कुणी विचारील. ती सोय उपयोगी आहेच. पण ती हातानं काढलेली रेघ नंतर सुधारते, आणि तिचं प्रमाण वाढवलं तर रेघ पेनाच्या मागे रेंगाळते. पृष्ठभागाचा अडसर रेघ निघत असतानाच हाताला सांगतो, सावर, इथे वळ, इथे थांब. शिकणाऱ्याला या दुसऱ्या मदतीची गरज जास्त आहे, कारण तिच्यातून हात तयार होतो.

दुसरा फायदा उजेडाचा. राजवाड्यासमोर किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी टॅब्लेट घेऊन रेखाटन करायला बसलेल्यांना हे माहीत आहे. चकचकीत काचेत आकाश दिसतं, आपलाच चेहरा दिसतो, चित्र मात्र दिसत नाही. मॅट फिल्मवरचे अतिसूक्ष्म उंचवटे ते प्रतिबिंब विखरून टाकतात. तरी थेट उन्हात बसू नका. विखुरलेला प्रकाश पडद्यावर दुधी काचेसारखा पसरतो आणि गडद रंग फिके दिसतात. सावलीत बसलात तर फिल्मचा खरा उपयोग होतो. पावसाळ्यात घामेजलेला तळहात काचेला चिकटतो. मॅट पृष्ठभागावर तो सहज सरकतो, हाही लहान पण रोजचा दिलासा.

आता या सुखाची किंमत. ज्या उंचवट्यांनी प्रतिबिंब विखुरतं, तेच पडद्यातून येणारा प्रकाशही वेडावाकडा वळवतात. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक रंगीत कण चमचमताना दिसतात आणि अक्षरांची धार थोडी बोथट होते. फिल्म आणि पडदा यांच्यात अंतर जितकं जास्त, तितका धूसरपणा जास्त. रंगाचं शेवटचं काम करणाऱ्यांनी चित्र दुसऱ्या, फिल्म नसलेल्या पडद्यावर एकदा तपासावंच. हवी तेव्हा लावता-काढता येणारी फिल्मही मिळते. वाचन आणि रंगकाम साध्या काचेवर, रेखाटन फिल्मवर, अशी वाटणी त्यानं जमते.

दुसरी किंमत पेनाच्या टोकाची, म्हणजे निबची. खरखरीत पृष्ठभागावर निब लवकर झिजते. झिजता झिजता तिला एका बाजूनं सपाट कड येते, आणि ती कड फिल्मवर ओरखडे काढते. म्हणून अधूनमधून निबवर बोट फिरवा. कड लागली तर निब बदला. फिल्मही झिजते. जिथे हात सर्वांत जास्त चालतो तिथे ती चकचकीत होते, आणि एकाच पडद्यावर दोन पृष्ठभाग तयार होतात. तेव्हा फिल्म बदलायची वेळ आली असं समजा.

वेष्टनावर 3एच, 9एच असं लिहिलेलं असतं, त्याचाही उलगडा करतो. ही मोजणी चित्रकाराच्या पेन्सिलींवरूनच आलेली आहे. ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वजनाखाली, मऊ 9बी पासून कडक 9एच पर्यंतच्या पेन्सिली पृष्ठभागावरून ढकलतात, आणि ज्या सर्वांत कडक पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, तिचा क्रमांक त्याला मिळतो. म्हणजे 9एच हा पेन्सिलीच्या कसोटीचा आकडा आहे, हिऱ्यामाणकांच्या कठिणपणाचा नव्हे. वाळूचा कण 9एच लिहिलेल्या काचेवरही ओरखडा उठवू शकतो. माळव्यातल्या उन्हाळ्यात धूळ सगळीकडे असते, तेव्हा टॅब्लेट पिशवीत टाकण्याआधी पुसायची सवय लावा. फिल्म लावायचीही पंख्याखाली नको. न्हाणीघरात गरम पाणी सोडून थोडी वाफ होऊ द्या. हवेतली धूळ खाली बसते आणि फिल्मखाली बुडबुडे कमी राहतात.

ज्यांच्याकडे पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट आहे, म्हणजे हात टॅब्लेटवर आणि नजर संगणकावर, त्यांच्यासाठी एक जवळजवळ फुकटची युक्ती आहे. 1983 मध्ये जपानात स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीच्या अशा टॅब्लेटमध्ये पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पेनातलं वेटोळं त्याला प्रतिसाद देतं, आणि पेनात बॅटरी नसतानाही त्याची जागा कळते. हे क्षेत्र कागदातून आरपार जातं. म्हणून टॅब्लेटवर एक साधा कोरा कागद चिकटपट्टीनं लावा आणि काढायला लागा. आज कार्ट्रिज, उद्या हातकागद, परवा गुळगुळीत बाँड, असं करून कोणत्या पोतावर हात रमतो ते आधी बघा. निब थोडी जास्त झिजेल, पण फिल्म घेण्याआधी स्वतःची आवड कळेल.

फिल्म लावल्यावर एक काम मात्र विसरू नका. कागदावर अडसर आणि रेघ एकत्र जन्मतात, असं मी म्हटलं. टॅब्लेटवर त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अडसर फिल्म देते, रेघ सॉफ्टवेअर देतं. आजच्या चांगल्या पेनांना दाबाच्या 8192 पायऱ्या ओळखता येतात, पण तुमचा हात किती दाबानं चालतो हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. पृष्ठभाग बदलला की हाताचा दाबही बदलतो. म्हणून फिल्म बसवल्यावर दाबाची सेटिंग पुन्हा जुळवा. पुष्कळ जण हे करत नाहीत आणि फिल्मला दोष देतात.

आणि म्हणूनच फिल्म कागदाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. तिचा खरखरीतपणा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखाच राहतो. तिच्यावर शिसं साचत नाही, पाण्यानं ती फुगत नाही, खोडून खोडून तिचा पोत बदलत नाही. कागद मात्र प्रत्येक रेघेनं बदलतो, आणि त्या बदलाला उत्तर देत देत चित्रकार घडतो. चित्रकलेच्या पहिल्या वर्षांत हा अनुभव चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं. टॅब्लेटवर जरूर काम करा. व्यवसाय आज तिथेच आहे, आणि चुकलेली रेघ मागे घेण्याचं स्वातंत्र्य नवशिक्याला धीर देतं. पण कागदाची ओळख नसलेल्या हाताला फिल्म कशाची आठवण देते आहे, हे कळणारच नाही.

पालकांनाही सांगतो. मुलीला किंवा मुलाला टॅब्लेट घेऊन देताना सगळे पैसे यंत्रावर घालवू नका. एक मध्यम पोताची फिल्म, दोन जादा निब आणि एक चांगलं स्केचबुक, एवढ्यांची तजवीज त्याच खर्चात करा. दुकानात नमुना लावलेला असेल तर मुलांना त्यावर सावकाश एक लांब रेघ, एक वळण आणि थोड्या समांतर रेघा काढू द्या. कोणती फिल्म घ्यायची याचा निर्णय त्या तीन गोष्टींवर होऊ द्या.