हर की पौडीची सायंआरती



हरिद्वारला हर की पौडीवर आरतीला जायचं ठरवलंत, तर सूर्यास्ताच्या चांगलं तासभर आधी जाऊन बसा. जागा मिळते हे आहेच. पण उजेड आहे तोवर पाणी बघून घ्यावं, असं मला वाटतं. हिरवट, हाडं गोठवणारं पाणी पायऱ्यांना घासत धावत असतं. त्याची ओढ एवढी, की काठाला साखळ्या लावल्या आहेत. त्या घट्ट धरूनच माणसं बुडी मारतात.

गंगेचा मुख्य ओघ हा नव्हे. तो पलीकडून, नीलधारेतून जातो. आपल्यासमोरचं पाणी वर भीमगोड्याहून वळवून आणलेलं आहे. पुढे ते १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्यात शिरतं आणि गंगा-यमुनेच्या दुआबातली शेती भिजवतं. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने इथे नवं बांधकाम काढलं, तेव्हा गंगा अडवली जाणार म्हणून लोक खवळले. पंडित मदनमोहन मालवीय पुढे झाले आणि हर की पौडीला अखंड धार मिळेल, हे १९१६मध्ये सरकारला कबूल करावं लागलं. तीर्थपुरोहितांची गंगा सभा त्याच साली स्थापन झाली. आरतीची व्यवस्था आजही तीच बघते.

अगदी अलीकडे, २०१६ साली, हा प्रवाह सरकारदरबारी ‘एस्केप चॅनल’ ठरला होता. म्हणजे जादा पाणी सोडून द्यायचा चर! तीर्थपुरोहितांनी विरोध लावून धरला आणि २०२०मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. जे हात ओवाळतात, तेच पाण्यासाठी सरकारशी भांडतात, याचं मला फार मोल वाटतं.

दिवेलागणीला गर्दीला खाली बसवलं जातं. सभेचे सेवक पावतीपुस्तकं घेऊन फिरतात. मग हात वर करून सगळ्यांकडून गंगा स्वच्छ ठेवण्याची शपथ म्हणवून घेतात. त्यानंतर घंटा, शंख, आणि ‘ओम जय गंगे माता’. पुजाऱ्यांच्या हातातल्या थरांच्या आरत्या भडकून पेटलेल्या असतात, धग सोसावी म्हणून मुठीला ओला कपडा गुंडाळलेला असतो. ज्वाळा थेट पाण्यावर झुकतात. आरती थोडक्यात आटोपते. मग फुलांचे द्रोण सोडायची धांदल. हातातून सुटलेला दिवा बघता बघता पुलाखाली पोचतो. बरेचसे त्याआधीच कलंडतात, तरी मागची बाई आपला द्रोण तितक्याच जपून पाण्यावर ठेवते.

दसऱ्याच्या सुमारास गेलात, तर वेगळंच दिसेल. साफसफाईसाठी कालवा दरवर्षी बंद करतात, तो दिवाळीपर्यंत. तेव्हा गोटे उघडे पडतात आणि गरीब पोरं, बायामाणसं त्यांत नाणी शोधत असतात. भाविकांनी हे दिवसही बघावेत. कालव्याचं दार बंद झालं की नदीचं काय उरतं, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

माणसाच्या हाती गेलेल्या नदीची आरती आपल्याकडेही आहे: नाशिकला रामकुंडावरही आता गोदावरीची रोज आरती होते. तिथलं पाणी वरच्या गंगापूर धरणाच्या हाती. शिवाय २००३च्या कुंभमेळ्याच्या सुमारास कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. ते काढा, खालचे जिवंत झरे मोकळे करा, ही मागणी घेऊन नाशिककर उच्च न्यायालयापर्यंत गेले.