बाळाची चाहूल आणि बाहेरचा हंगाम

पिंपरी-चाकणचा कारखानदारी पट्टा ज्या पुणे जिल्ह्यात आहे, तिथल्याच सहा गावांत 1993 साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायांचा आहार आणि कष्ट हिवाळ्यात, सुगीला वाढत, उन्हाळ्यात घटत. शेवटचे महिने हिवाळ्यात गेले, तर बाळाचं वजन जरा बरं भरे. मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: मेथी-पालकासारख्या पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने चांगली होती.

हंगामाने किंवा आहाराने जनुकं बदलत नाहीत. पण त्यांवर मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटतात आणि कुठलं जनुक किती काम करेल, ते ठरवायला हातभार लावतात. त्यासाठी फोलेट आणि बी-12 ही जीवनसत्त्वं लागतात. आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळ्यात ज्यांचा गर्भ राहिला, त्या मुलांच्या काही जनुकांवर या खुणा कोरड्या हंगामातल्या मुलांपेक्षा वेगळ्या आढळल्या.

आपल्याकडची खरी उणीव बी-12ची. त्या सहा गावांतल्या निम्म्याहून अधिक आयांमध्ये ते कमी होतं. बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा परिणाम मंदावलेला दिसला. मधुमेहाची वाट इथून फुटू शकते.

बी-12 मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळतं. पिंपरी-चाकण पट्ट्यात घर थाटलेल्या शाकाहारी मुलींनी म्हणूनच बी-12ची तपासणी दिवस राहण्याआधी करून घ्यावी. त्या गावांतली मुलं वयात आल्यावर संशोधकांनी त्यांच्यातल्या काहींना बी-12 द्यायला सुरुवात केली, तीही लग्नाआधीच.