वनौषधी : वेल ओळखावी, माणूसही ओळखावा
(निपाणी परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निपाणीच्या माणसाला वनस्पतीचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तंबाखू हीही वनस्पतीच आहे. ओल्या हिरव्या पानांत दिवसभर खुडणी करणाऱ्या बाईला मळमळते, गरगरते. पान तिने तोंडात घातलेलेही नसते. त्यातील निकोटिन केवळ कातडीवाटे अंगात उतरलेले असते. असे असूनही ‘झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय होत नाही’ हे वाक्य याच भागात आपण सर्रास ऐकतो. आज मला या वाक्याविषयी बोलावयाचे आहे, आणि उदाहरण घ्यावयाचे आहे ते आपल्या परिचयाच्या गुळवेलीचे.

आयुर्वेदाने जिला अमृता म्हटले, कानडी शेजारी जिला अमृतबळ्ळी म्हणतात, ती ही वेल. २०२० साली कोरोनाची साथ आली, आणि प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर तिचा काढा उकळू लागला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतलेली होती. ही हकीगत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे देशातील तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदविले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांस हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. डॉक्टरांचे उत्तर असे की, जे नमुने तपासता आले ते खऱ्या गुळवेलीचेच होते. मात्र ज्यांच्या शरीरात आधीच एखादा विकार दडलेला असतो, त्यांच्या यकृतावर ती उलटू शकते.

हा वाद तज्ज्ञांचा आहे, तो आपण येथे मिटविणार नाही. पण जरा विचार करा. मंत्रालय बरोबर असेल तर वेल ओळखता आली पाहिजे. डॉक्टर बरोबर असतील तर माणूस ओळखता आला पाहिजे. ‘कोणीही, कितीही, कितीही दिवस घ्यावे’ असे दोहोंपैकी कोणीच म्हणत नाही.

खऱ्या गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा; हिच्या खोडावर ठळक गाठी असतात. गुळवेलीच्या खोडावर तशा गाठी नसतात, तिच्या सालीचा पातळ पापुद्रा सुटतो, आणि पिकलेली फळे गोल व लालबुंद असतात. पाने दोघींची हृदयाकृती, त्यामुळे केवळ पानावरून ओळखणारा फसतो. वाळवून कुटलेल्या चूर्णात तर जाणत्यालाही काही दिसत नाही.

नावाच्या साधर्म्याने केवढा अनर्थ होतो, याचा दाखला बेल्जियममध्ये आहे. ब्रुसेल्स शहरात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत ‘फांगजी’ नावाची मुळी घालावयाची होती. प्रत्यक्षात ‘ग्वांग फांगजी’ ही निराळ्याच कुळातील मुळी आली. १९९३ साली हा प्रकार जगापुढे आला. शंभरावर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, कित्येकींची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग जडला. ती मुळी अॅरिस्टोलोकिया वर्गातील होती. याच वर्गातील सापसंद आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढते आणि गावोगावी औषधी म्हणून ओळखली जाते. म्हणून चीनचे नाव ऐकून आपण निर्धास्त होण्याचे कारण नाही.

आपला भाग तर दोन भाषांचा. एका बाजारात एकाच मुळीला दोन नावे, आणि कधी एकाच नावाच्या दोन मुळ्या. म्हणूनच विकत घेताना वेष्टन पाहावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, घटकद्रव्ये, बॅच क्रमांक व मुदत छापलेली असावी लागते. सुट्या पुडीवर यांतले काहीच नसते. राहता राहिली जाहिरात. या खात्यात इतकी वर्षे काढल्यावर एवढे सांगण्याचा अधिकार मला असावा की, जाहिरातीचा आवाज जितका मोठा, तितकी पुडी अधिक बारकाईने वाचावी. मधुमेहासारखे काही ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे.

आता घरातल्या गोष्टी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना गुळवेल घेतल्यास रक्तातील साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. जेष्ठमध घशाला बरा, पण रोज बराच काळ घेतला तर रक्तदाब वाढवितो. गरोदर स्त्रिया, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, शस्त्रक्रियेसाठी दाखल होणारे, यांनी वैद्यास विचारल्याविना काहीही सुरू करू नये. सरकारी दवाखान्यात ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे विचारले की, आपल्याकडील आजीबाई ‘नाही’ म्हणतात, कारण काढा हे औषध असे त्यांना वाटतच नाही. डॉक्टरांनी प्रश्न बदलावा. ‘काढा, चूर्ण, मुळी काही घेता का?’ असे विचारावे. काढा चालू असताना लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे किंवा अंगाला खाज सुटणे यांतले काहीही आढळले, तर काढा त्याच दिवशी थांबवावा आणि उरलेली पुडी घेऊनच दवाखाना गाठावा. ती फेकून देऊ नये. तपासण्यास तीच उपयोगी पडते.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरील राष्ट्रीय संस्था आहे; २००६ साली ती प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. शिक्षकांनी मुलांकरवी आपल्या गावच्या औषधी झाडांची मराठी व कानडी नावे लिहून घ्यावीत, सोबत पान, खोड आणि फळ यांचे नमुने जपावेत, आणि शंका वाटेल तो नमुना जाणकारांस दाखवावा. औषधाचा अपाय झाल्यास तो कळविण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. आरोग्यसेवकांनी तो दवाखान्याच्या भिंतीवर दोन्ही लिप्यांत रंगवून घ्यावा.