घरात सांगावयाचा आकडा

(ढोकी येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘जीवनातील आघात, मनाची सोसण्याची रीत आणि नैराश्य’ असा भारदस्त छापला असला, तरी मला ओळखणारी मंडळी जाणतात, की विषय कोणताही दिला तरी मी अखेरीस कर्जाच्या वहीपाशीच येऊन थांबतो. तेव्हा तो आरोप आरंभीच कबूल करून तिथवर जाण्यास आपली अनुज्ञा गृहीत धरतो.

आघात म्हणजे काय, हे या पंचक्रोशीला मी सांगावयास नको. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण पाळण्यात असल्यापासून ऐकली आहे, ती वगळतो. विसर्जनाच्या रात्रीनंतर उजाडलेली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही वगळतो; किल्लारी आणि सास्तूर ही दोन नावे उच्चारली, की पुढचे वाक्य कोणी पुरे करीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेचे पाणी घेऊन लातूरकडे निघालेली ‘जलदूत’ गाडी आपल्याच स्टेशनावरून पुढे गेली, आणि कारखाना बंद राहिला त्या वर्षांत इथल्या बाजारपेठेची काय दशा झाली, हे पुढच्या रांगेतले निवृत्त कामगार माझ्याहून अधिक जाणतात. (“भोंग्याविना झोपच उडत नव्हती!” असे एक श्रोते म्हणाले. हशा.)

अमेरिकेत होम्स आणि राही या दोघा मनोवैद्यांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची जंत्री करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नोकरीवरून बडतर्फ होण्याला ४७ आणि विवाहाला ५०! (हशा.) हसू नका; विवाह बडतर्फीपेक्षा तीनच गुणांनी जड आहे. (पुन्हा हशा, स्त्रियांच्या बाजूने टाळ्या.) मात्र या जंत्रीत कर्जापायी तारण जप्त होण्याची नोंद असली, तरी पाऊस न पडण्याची नाही, आणि भाव पडण्याचीही नाही. ती जंत्री आपल्या मुलखासाठी केलेलीच नव्हती.

शिवाय आघात सारखा असूनही एक माणूस सावरतो आणि दुसरा खचतो, याचा उलगडा गुणांच्या बेरजेने होत नाही. लॅझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये सोसण्याचे दोन मार्ग सांगितले: संकटावर उपाय करणे आणि संकटाने उसळलेल्या भावनेला आवरणे. दोन्ही लागतात, एवढे सांगून पुढे जातो. ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला, त्याच्या १४ दिवस आधी नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ विदुषीने स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती योगायोगाने नोंदवून ठेवली होती. ज्यांना मुळातच एकच दुःख पुनःपुन्हा मनात घोळविण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. लंडनच्या कँबरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून ब्राऊन आणि हॅरिस यांनी १९७८ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचा एक निष्कर्ष असा, की मोठा आघात झाल्यावर जिला मन मोकळे करावयास घरात निकटचे माणूस होते ती पुष्कळ अंशी तरली, आणि जिला ते नव्हते तिला नैराश्याने अधिक सहज गाठले.

आता मी माझ्या वहीकडे वळतो. माझे वडील विविध कार्यकारी सोसायटीचे गटसचिव होते. ओसरीवरच्या लाकडी पेटीत त्यांचे दप्तर असे, आणि थकबाकीच्या दिवसांत माणसे दबकत येऊन एकच विनंती करीत: “भाऊसाहेब, नोटीस घरी धाडू नका, बाजारच्या दिवशी मीच येऊन घेऊन जाईन.” वसुली थांबवा, असे म्हणणारे थोडे, घरी कळू देऊ नका, असे म्हणणारे सगळे. एका गृहस्थांनी तर तीन हंगामांच्या नोटिसा घडी घालून गोठ्यातल्या कोनाड्यात, पेंडीच्या रिकाम्या पोत्याआड ठेवल्या होत्या. त्यांच्या पत्नी दिनदर्शिकेच्या चौकोनांत रोज दुधाचे लिटर लिहीत आणि महिनाअखेर डेअरीच्या चिठ्ठीशी ताळा घेत, इतक्या हिशेबी; तरी घरावरच्या कर्जाचा आकडा तेवढा त्यांच्या गावी नव्हता. यजमानांनी जेवण टाकले, रात्र रात्र अंगणात बसू लागले, तेव्हा एके दुपारी पोते उचलून त्या माउलीने कागद काढले, धाकट्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतले आणि सरळ आमच्या ओसरीवर आल्या. वडिलांनी मुद्दल, व्याज, दंडव्याज अशी फोड करून दाखविली. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “एवढंच होय? मी तर रान गेलं असं धरून बसले होते, भाऊ!”

श्रोतेहो, माझे प्रतिपादन एवढेच आहे. लपविलेला आकडा बायकोपासून लपत नाही; तिच्या मनात तो दुप्पट होऊन बसतो, आणि नवऱ्याच्या मनात रात्रंदिवस घोळत राहतो. पुढे त्यांनी एक कालवड विकली, व्याज भरले, कर्जाचे पुनर्गठन करून घेतले. फिटण्यास वर्षे लागली. परंतु आकडा दोघांचा झाला त्या दिवसापासून ते गृहस्थ पुन्हा पंगतीला बसू लागले.

(एक श्रोते: “आकडा सांगितल्यानं कर्ज फिटतं का, सर?”) नाही फिटत! मी सावकारही नाही आणि अर्थमंत्रीही नाही. पडलेल्या भावाचा दोष मी एखाद्या घराच्या अबोल्यावर टाकतो आहे, असे कृपा करून समजू नका. त्याचा जाब जिथे मागावयाचा तिथे अवश्य मागा, मोर्चा काढा, मी येतो. (टाळ्या.) परंतु शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर द्यावयाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी २००६ च्या शासननिर्णयाने ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे जे निकष घातले, त्यांच्या पडताळणीसाठी तलाठी दारात येतो, तेव्हा कित्येक घरच्या बाईला कर्जाचा आकडा प्रथम कळतो. तो आकडा तिला नवऱ्याच्या तोंडून कळावा, तलाठ्याच्या नव्हे, एवढेच माझे मागणे आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे आणि घड्याळ पाहता त्यांतली दोन वाचण्यातच गेली. (हशा.) मुद्दे तीन उरले, ते धावत सांगतो. पहिला: नैराश्य हा आजार आहे, स्वभावदोष नव्हे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले मन उडाले, तर सांगून मोकळे होणे पुरत नाही, डॉक्टर गाठावा. दुसरा: शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरी येऊन मनाचे प्रश्न विचारतात, तेव्हा “आमचं सगळं बरं आहे” असे सांगून त्यांना वाटेला लावू नका, आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा घरात ऐकू आली, तर त्या माणसाला एकटे न सोडता १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा, तो विनामूल्य आहे. तिसरा मुद्दा दारूविषयी होता. तो पुढच्या वर्षी, बोलावलेत तर.

तोवर एक करा. घरच्या देण्याची बेरीज, हातउसन्यासकट, एका कागदावर मांडा आणि आज रात्री बायकोपुढे ठेवा. मात्र जेवण झाल्यावर. उपाशीपोटी कोणताही आकडा मोठाच दिसतो.