घराण्याचा आजार आणि पुरुषांची दक्षता



आपल्याकडची वडीलधारी माणसे चार पिढ्यांची नावे तोंडपाठ सांगतात. कोणाची लेक कोठे दिली, कोणते शेत कोणाच्या वाटणीस आले, हेही सांगतात. मात्र आजोबा कशाने गेले असे विचारले, तर उत्तर येते, "वय झाले होते, लघवीचा त्रास होता." आत्याविषयी विचारले की आवाज खाली येतो, "छातीत गाठ होती." ही दोन उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा प्रघात नाही. तो का पडावा, हाच आजचा विषय आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती पुष्कळांची वाढते, रात्री वारंवार उठावे लागते, लघवीची धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट या ग्रंथीचा कॅन्सर आरंभी बहुधा काहीच त्रास देत नाही. कंबर दुखू लागली म्हणून माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा कधी कधी तो हाडांपर्यंत पोचलेला असतो. म्हणून ज्याला धोका अधिक, त्याने त्रासाची वाट पाहू नये.

धोका अधिक कोणाला? आईबापांकडून आपल्याला रंगरूप मिळते, तशी जनुकेही मिळतात. त्यांतील बीआरसीए-२ हे जनुक १९९५ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने शोधून काढले. पेशींतील बिघाड दुरुस्त करण्यास मदत करणे, हे त्याचे काम. तेच सदोष असले तर स्त्रियांना स्तनाचा व अंडाशयाचा आणि पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होण्याचा संभव वाढतो. म्हणजे आत्याची गाठ आणि आजोबांचे दुखणे या एकाच मुळाच्या दोन फांद्या असू शकतात. हा दोष वडिलांकडून येतो, तसाच आईकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. त्यामुळे आजोळची माहितीही तितकीच मोलाची. दोष मिळाला म्हणजे आजार झाला, असे मात्र नाही. कित्येकांना तो जन्मभर होत नाही.

अशा पुरुषांवर लक्ष कसे ठेवावे, हे पाहण्यासाठी २००५ साली त्याच संस्थेतील प्राध्यापिका रोझलिंड ईल्स यांच्या नेतृत्वाखाली 'इम्पॅक्ट' नावाचा अभ्यास सुरू झाला. २० देशांतील ४० ते ६९ वयाचे तीन हजारांवर पुरुष त्यात सामील झाले. दरवर्षी त्यांच्या रक्तातील पीएसए मोजण्यात आले. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन आहे. ते ३ च्या वर गेले, की ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा सल्ला दिला जाई. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषांत दर हजारी वर्षाला सुमारे १९ जणांना कॅन्सर आढळला, दोष नसलेल्यांत १२ जणांना. त्यांना तो लवकरच्या वयात आढळला, आणि त्यांतील ७७ टक्के कॅन्सर उपचाराची गरज भासावी अशा प्रकारचे होते. दोष नसलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. म्हणून बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषांनी दरवर्षी पीएसए तपासावे, अशी शिफारस या संशोधकांनी केली.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच झाला, असे नाही. ग्रंथी सुजली, वाढली, तरी ते वाढते. काही कॅन्सर इतके संथ असतात, की त्यांच्यावर नुसती नजर ठेवणे पुरते. घाईने केलेल्या शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा किंवा पुरुषत्व जाण्याचा धोका असतो. म्हणून आकडा पाहून घाबरू नये. तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा तपासणी करतात, एमआरआय काढतात आणि मगच तुकड्याचा निर्णय घेतात.

मग घरी काय करावे? एका वहीत दोन्हीकडच्या माणसांची नावे, आजार आणि आजार झाला तेव्हाचे वय लिहावे. स्तन, अंडाशय वा प्रोस्टेट यांचा कॅन्सर दोन-तीन जणांना, विशेषतः पन्नाशीच्या आत झाला असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. जनुकाची तपासणी रक्तावरून होते. शक्य असेल तर ज्याला आजार झाला आहे, त्याची ती आधी करतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत घराणेगत कॅन्सरविषयी सल्ला मिळतो.

"लोक काय म्हणतील, मुलींची लग्ने कशी होतील?" या भीतीने ही माहिती लपविली जाते. भीती खोटी नाही. परंतु लपविल्याने दोष वंशातून जात नाही, फक्त पुढच्या पिढीची सावध होण्याची संधी जाते. शेताच्या बांधाची खूण आपण मुलांना दाखवून ठेवतो, ही खूणही दाखवून ठेवावी. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे, की आजोबांना नेमके काय झाले होते, आणि आत्याला काय झाले होते.

इत्यलम्.